शरदात खाडीवरचे पक्षी: दुर्बिणीआधी भरतीचं कोष्टक

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार हा जागतिक स्थलांतरित पक्षी दिन. त्या सुमाराला वर्तमानपत्रांत आणि फोनवर ठाणे खाडीचे, शिवडीचे, उरणचे फोटो फिरू लागतात: हजारो पक्षी, नुसती रेटारेटी. ते पाहून मंडळी रविवारी सकाळी सातला दुर्बीण घेऊन पोचतात, आणि समोर दिसतं ते एक लांबलचक चिखलाचं पठार. पार टोकाला, पाण्याच्या कडेशी, काही ठिपके हलत असतात. तासाभराने ऊन चढतं, ठिपकेही थरथरायला लागतात आणि "पक्षी कमी झालेत हो हल्ली" असं म्हणत लोक घरी परततात.

पक्षी कमी झालेत हे खरंच आहे, त्याबद्दल पुढे येईल. पण त्या सकाळी ते न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. जंगलात पक्षी पाहायचे तर पहाटे जायचं, हा नियम खाडीला लागू होत नाही. इथलं घड्याळ सूर्यावर चालत नाही, पाण्यावर चालतं.

येतं कोण?

आपल्या खाड्यांवर शरदात जे येतात त्यातले बहुसंख्य किनारपक्षी. उथळ पाण्यात आणि चिखलात चालत खाणारे, बदकासारखे न पोहणारे, असा हा गट. चिखल्या, तुतवार, टिलवे, गॉडविट, कर्ल्यू, शेकाट्या हे सगळे यात आले. बगळे आणि रोहित (फ्लेमिंगो) याच चिखलात उभे राहत असले तरी ते या गटातले नाहीत.

यांची घरं फार पसरलेली आहेत. रेडशँक लडाखच्या ओल्या कुरणांत घरटी करतो. ज्या चिखल्याला आपण आजवर लेसर सँड प्लव्हर म्हणत आलो (आता त्याचं नाव तिबेटन सँड प्लव्हर), तो तिबेटच्या पठारावरून उतरतो. चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा, म्हणजे लिटल स्टिंट, उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून येतो, आणि कर्ल्यू सँडपायपर सैबेरियाच्या अगदी उत्तर टोकाकडून. आर्क्टिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या मार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात.

येण्याचं वेळापत्रक मात्र 'हिवाळी पाहुणे' या शब्दाला मुळीच जुमानत नाही. पहिले पक्षी जुलैच्या शेवटी, ऐन पावसात उतरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात प्रौढांची गर्दी होते. यंदा जन्मलेली पिल्लं ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत येत राहतात. म्हणूनच शरद हा खाडीवरचा सगळ्यात गुंतागुंतीचा काळ. जानेवारीत सगळे एकसारखे राखाडी झालेले असतात. आत्ता एकाच थव्यात तीन-चार प्रकारच्या पिसाऱ्यांतला एकच पक्षी उभा असतो. आणि रोहित? त्यांची मोठी गर्दी नोव्हेंबर-डिसेंबरपासून पुढे मेपर्यंत. ऑक्टोबरात गुलाबी खाडी पाहायला गेलात तर निराशा ठरलेली.

चिखलात एवढं आहे तरी काय?

वरून ओसाड दिसणाऱ्या या चिखलात गांडुळासारखे सागरी कृमी, बारीक शिंपल्या, गोगलगायी, खेकडे आणि निवटे ठासून भरलेले असतात. प्रत्येक जण वेगळ्या खोलीवर राहतो, आणि म्हणूनच पक्ष्यांच्या चोचीही वेगवेगळ्या लांबीच्या. टिलव्याची चोच पृष्ठभागाच्या खाली जरासाच शोध घेते. कर्ल्यूची दहा ते पंधरा सेंटिमीटरची बाकदार चोच खेकड्याच्या बिळात उतरते. कर्ल्यूची मादी नरापेक्षा लांब चोचीची, त्यामुळे त्या दोघांचं खाणंही थोडं वेगळं.

तुतवार-टिलव्यांच्या चोचीचं टोक संवेदनशील असतं. तिथल्या सूक्ष्म संवेदकांना दाब आणि कंप कळतो, म्हणजे न दिसणारं भक्ष्य सापडतं. भर म्हणून, यातल्या अनेकांना चोच पुरी न उघडता फक्त वरचं टोक उचलता येतं. चिखलात खुपसलेल्या चोचीत कृमी पकडायचा तर याशिवाय इलाज नाही. म्हणूनच हे पक्षी रात्रीही खातात. चिखल्यांचं तंत्र निराळं. मोठे डोळे, आखूड चोच: धावायचं, थांबायचं, टिपायचं, पुन्हा धावायचं. हे तंत्र लक्षात ठेवा, ओळखीच्या वेळी कामाला येईल.

आता महत्त्वाचं. पाणी नुकतंच ओसरलेला चिखल मऊ असतो आणि त्यातले जीव वरच्या थरात असतात. चिखल उन्हात सुकू लागला की तो घट्ट होतो आणि जीव खाली जातात. त्यामुळे खाणारा पक्षी बहुतेक वेळ पाण्याच्या कडेने चालतो. पाणी मागे गेलं की तोही मागे, म्हणजे तुमच्यापासून दूर. पाणी चढलं की तोही तुमच्याकडे.

भरती पक्ष्यांना गोळा करते

पूर्ण ओहोटीला ठाणे खाडीसारख्या ठिकाणी चिखल शेकडो मीटर उघडा पडतो आणि पक्षी सगळीकडे विखुरतात. भरती चढू लागली की जागा आक्रसत जाते. घरात पुराचं पाणी शिरलं की माणसं जशी एकेक खोली सोडत शेवटी माळ्यावर जमतात, तसे पक्षी उरल्यासुरल्या उंच पट्ट्यावर गोळा होतात. तोही पट्टा बुडाला की थवा उठतो आणि खाडीबाहेरच्या विश्रांतीच्या जागी जातो: जुनी मिठागरं, त्यांचे बांध, उघड्या पाणथळी. तिथे ते एका पायावर, वाऱ्याकडे तोंड करून, चोच पाठीत खुपसून पाणी उतरण्याची वाट पाहतात.

यातून पाहणाऱ्यासाठी दोन वेळा हाती लागतात. एक, पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास: चिखलाच्या काठावर उभं राहायचं आणि पक्ष्यांना पाण्यानेच आपल्याकडे येऊ द्यायचं. दुसरी, भरतीनंतर चिखलाचा पहिला तुकडा उघडा पडतो तेव्हा: भुकेले पक्षी तिथेच उतरतात, आणि तो तुकडा सहसा किनाऱ्याजवळचाच असतो. ऐन भरतीच्या तासात चिखलाच्या काठावर उभं राहून उपयोग नाही. त्या वेळी मिठागरावर असावं.

भरतीही रोज सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खरं तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. याला उधाण म्हणतात. अष्टमी-नवमीच्या सुमाराला चढ-उतार लहान असतो, तो भांग. मुंबईत उधाणाची सरासरी भरती साधारण ४.४ मीटर आणि ओहोटी ०.८ मीटरच्या आसपास. भांगाची भरती ३.३ आणि ओहोटी १.९ च्या आसपास. हे आकडे कोष्टकात ज्या शून्यापासून मोजतात त्या पातळीवरचे आहेत. तुमच्या समोरच्या चिखलाची उंची त्यात नसते. भांगाच्या दिवशी वरचा चिखल कोरडाच राहतो, पक्ष्यांना कुणी हाकलत नाही, आणि ते दूरच राहतात. वेळ अचूक गाठूनही ठिपकेच दिसले तर आधी हे तपासा.

दक्षिण कोकणात चढ-उतार मुंबईपेक्षा लहान असतो आणि भरती काहीशी आधी येते. खाडीच्या तोंडापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. मुंबईचं कोष्टक अपोलो बंदरासाठी असतं, ठाणे खाडीत आत असलेल्या ऐरोलीसाठी नाही. आपल्या जागेचा फरक एकदा प्रत्यक्ष पाहून वहीत लिहून ठेवला की कायमचं काम होतं.

तिथीची पाऊणपट

कोष्टक हाताशी नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही चालतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोन भरत्या सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतराने येतात, म्हणून एक पहाटे तीनच्या सुमाराला असेल तर दुसरी दुपारी साडेतीनच्या आत. दर दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीमागे पाऊण तास धरणारा हा हिशेब त्याच्याच जवळ जातो. तो मुंबईच्या आसपास लागू पडतो, तोही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. नेमकी वेळ हवी तर सर्वे ऑफ इंडियाचं कोष्टक पाहावं.

आता हा हिशेब उजेडाशी जोडा, म्हणजे बरंच काही उलगडतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, मुंबईत भरती भर दुपारी बाराच्या सुमाराला येते. पाणी उत्तम, पण ऑक्टोबरच्या उन्हात त्या वेळी चिखलावरची हवा अशी उकळत असते की दुर्बिणीतून पायांचा रंगही कळत नाही. अष्टमीला भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, मध्ये ओहोटी दुपारी, शिवाय भांग. म्हणजे दोन्ही बाजूंनी तोटा.

मधले दिवस कामाचे. एकादशी ते त्रयोदशी भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते, उधाण जवळ आल्यामुळे पाणीही भरपूर चढतं, आणि चढत्या पाण्याचे दोन तास नेमके सकाळच्या चांगल्या उजेडात पडतात. चतुर्थी ते षष्ठी भरती दुपारी तीन ते साडेचार; तेव्हा उतरत्या पाण्यावर संध्याकाळी पाहायचं. रविवार आणि तिथी जुळत नसतील तर रविवार सोडावा, तिथी सोडू नये. नोकरी करणाऱ्याला हा सल्ला जाचक वाटेल, पण चुकीच्या चार रविवारांपेक्षा बरोबर तिथीची एक रजा परवडते.

दिशाही बघावी लागते. शिवडीचा चिखल मुंबईच्या पूर्व काठावर आहे, तोंड पूर्वेकडे. सकाळी सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. तिथे दुपारनंतरची भरती घ्यावी. ऐरोली पलीकडच्या काठावर, तिथे सकाळ बरी. म्हणजे एकादशीला ऐरोली आणि पंचमीला शिवडी.

सामान: थोडं, पण बरोबर

आठ बेचाळीसची दुर्बीण पुरेशी आहे. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची दुर्बीण हातात जास्त हलते आणि तिच्यातून दिसणारा पट्टा अरुंद होतो. खाडीवर खरा फरक पडतो तो तिवईवरच्या स्पॉटिंग स्कोपने, म्हणजे एका डोळ्याने पाहायच्या जास्त पटीच्या दुर्बिणीने, कारण इथे पक्षी दुरूनच पाहायचे असतात. वीस ते साठपट असं लिहिलेलं असलं तरी उन्हाच्या झळांत तीस-चाळीसच्या पुढे गेलं की मोठा झालेला पक्षी दिसत नाही, मोठी झालेली थरथर दिसते. झळा सुरू झाल्या की स्कोप जवळच्या पक्ष्यांकडे वळवा, दूरचे सोडून द्या. तिवईचे पाय पूर्ण उंच न करता बसून पाहिलं तर वाऱ्याने कमी हलते.

चिखलात उतरू नका. खारफुटीजवळचा चिखल कमरेपर्यंत खेचतो, आणि चढतं पाणी समोरून येण्याआधी मागच्या ओहोळांतून येऊन परतीची वाट बुडवतं. मिठागरांचे बांध टणक वाटले तरी कडेने खचलेले असतात. उधाणाच्या दिवशी बांधावर जाण्याआधी परतीची वेळ ठरवून ठेवा.

ओळख: रंग शेवटी

नवखा माणूस पुस्तक उघडून रंग जुळवायला बसतो आणि दहा मिनिटांत वैतागतो. शरदात तर रंग हा सगळ्यात बेभरवशाचा पुरावा. विणीचा पिसारा अर्धा गेलेला असतो, ओली पिसं गडद दिसतात, आणि चिखल पायांना आणि चोचीच्या मुळाला असा चढतो की पिवळे पाय काळे होतात. छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंक्स स्टिंटचे पिवळट, हे पुस्तकात वाचून ठीक. चिखलातून नुकत्याच निघालेल्या पक्ष्यावर त्याला काही अर्थ नाही. पक्षी पाण्यात शिरून पाय धुऊन निघेपर्यंत थांबा.

क्रम असा ठेवा: आधी खाण्याची पद्धत, मग आकार, मग चोच, मग उडतानाचे पंख, मग आवाज, आणि सगळ्यात शेवटी रंग.

खाण्याची पद्धत एका क्षणात निम्मं काम करते. धाव-थांब-टिप करणारा चिखल्या. मान खाली घालून चोच एकसारखी खुपसणारा टिलवा किंवा तुतवाराच्या कुळातला. पाण्यात पोटापर्यंत उभा राहून खोल चोच घालणारा गॉडविट.

आकार एकट्या पक्ष्यावरून कधीही ठरवू नका. स्कोपमध्ये एकटा टिलवाही कबुतराएवढा वाटतो. मोजपट्टी म्हणून रेडशँक धरा: जवळजवळ सगळ्या खाड्यांवर सापडतो, लांबी अठ्ठावीस सेंटिमीटरच्या आसपास, पाय नारिंगी-लाल. त्याच्या शेजारी उभा असलेला पक्षी त्याच्या निम्मा आहे, बरोबरीचा आहे की दुप्पट, एवढंच पाहा.

चोच पाहताना ती डोक्याच्या किती पट आहे हे बघा. डोक्यापेक्षा आखूड: चिखल्या. साधारण डोक्याएवढी, सरळ: टिलवा. डोक्यापेक्षा लांब आणि टोकाकडे खाली बाक: कर्ल्यू सँडपायपर. सुईसारखी बारीक सरळ चोच आणि लांब पाय: मार्श सँडपायपर, किंचित वर वळलेली जाड चोच आणि हिरवट पाय: ग्रीनशँक. डोक्याच्या दुपटीहून लांब आणि सरळ असेल तर काळ्या शेपटीचा गॉडविट. तशीच पण जराशी वर उचललेली असेल आणि पाठीवर रेघा असतील तर पट्टेरी शेपटीचा गॉडविट.

पक्षी उडतात तो क्षण बहुतेक जण फुकट घालवतात. पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा: रेडशँक. पंखात पांढरी पट्टी, शेपूट काळी: काळ्या शेपटीचा गॉडविट. पाठीवर वर चढत गेलेला पांढरा त्रिकोण आणि साधे गडद पंख: ग्रीनशँक, आणि उडताना तो तीनदा "त्यू-त्यू-त्यू" असं ओरडतो. कमरेवर स्वच्छ पांढरा डाग: कर्ल्यू सँडपायपर. काखेत काळा डाग: करडा चिखल्या, म्हणजे ग्रे प्लव्हर, हा डाग पॅसिफिक गोल्डन प्लव्हरला नसतो, त्यामुळे एका फडफडीत निकाल लागतो. व्हिम्ब्रेल आणि कर्ल्यू दुरून सारखेच वाटतात. व्हिम्ब्रेलच्या डोक्यावर गडद पट्टे असतात आणि तो एकाच पट्टीतल्या शिट्ट्या भराभर, सहा-सात सलग मारतो.

आणि काही पक्षी सोडून द्यायला शिका. लेसर आणि ग्रेटर सँड प्लव्हर यांच्यात चोचीची लांबी आणि पायांचा लांबपणा असा थोडाच फरक आहे. दोनशे मीटरवरून झळांमध्ये तो ठरवणं म्हणजे अंदाज. "सँड प्लव्हर, प्रजाती अनिश्चित" अशी नोंद चुकीच्या नावापेक्षा शंभरपट उपयोगाची. मानेमागे पांढरी पट्टी पूर्ण फिरलेली असेल तर मात्र तो सँड प्लव्हर नाही, बहुधा केंटिश प्लव्हर.

फोटो काढून ॲपला विचारलं तर?

जरूर विचारा. पण ॲप चांगल्या, जवळच्या, बाजूने काढलेल्या फोटोवर बरोबर चालतं. खाडीवरचा फोटो असतो दूरचा, थरथरलेला, चिखल माखलेल्या पायांचा. त्यावरही ॲप एक नाव ठामपणे सांगतं, आणि तुमच्याकडे ते पडताळायला काहीच नसतं. वरच्या क्रमातल्या दोन गोष्टी आधी तुम्ही पाहिल्या असतील तर ॲपचं उत्तर तपासता येतं.

यंदाची पिल्लं की जुनी मंडळी?

शरदातला माझ्या मते सगळ्यात रंगतदार प्रश्न हाच, आणि तो फारसा कुणी विचारत नाही. नाव ओळखल्यावर पुढचं पाऊल म्हणजे वय ओळखणं, आणि ते वर्षातून याच दोन-अडीच महिन्यांत सोपं असतं.

ऑगस्ट-सप्टेंबरातला प्रौढ पक्षी जुन्या कपड्यांत आलेला असतो. पिसांच्या कडा झिजलेल्या, अंगावर विणीच्या रंगाचे तुकडे. कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर विटकरी ठिगळं दिसली की तो प्रौढ. पिल्लाची सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली, म्हणून नवी आणि एकसारखी. प्रत्येक पिसाला फिकट कड, त्यामुळे पाठ खवल्यांची दिसते. छोट्या टिलव्याच्या पिल्लाच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा मागे एकत्र येतात. कर्ल्यू सँडपायपरच्या पिल्लाची छाती फिकट बदामी. नोव्हेंबर सरता सरता पिल्लंही अंगावरची पिसं बदलून राखाडी होतात आणि ही खूण पुसली जाते.

उडताना आणखी एक पुरावा मिळतो. इथे पोचलेले प्रौढ पंखांची मोठी पिसं एकेक करून बदलतात, आणि पंखाच्या मध्यावर तात्पुरती खाच दिसते. पिल्लांना ही पिसं नुकतीच आलेली असतात, ती बदलत नाहीत. म्हणून ऑक्टोबरात पंखात खाच दिसली तर तो प्रौढ.

कर्ल्यू सँडपायपरचे नर अंडी उबवत नाहीत, त्यामुळे ते जुलैच्या सुरुवातीलाच टुंड्रा सोडतात. माद्या नंतर निघतात. पिल्लं सगळ्यात शेवटी, आई-बापांशिवाय. वाट दाखवायला कुणी नसतं. दिशा आणि अंतराची जाण त्यांच्यात जन्मजात असते. हे ऐकून अविश्वास वाटला तर २०२२ ची नोंद आठवा: अलास्कात जन्मलेला, जेमतेम पाच महिन्यांचा एक पट्टेरी शेपटीचा गॉडविट पाठीवर यंत्र घेऊन टास्मानियाला पोचला. अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर, मध्ये एकदाही न उतरता. निघताना अशा गॉडविटच्या वजनात निम्म्याहून अधिक चरबी असू शकते, आणि उड्डाणात न लागणारी पोटातली इंद्रियं आधीच आक्रसलेली असतात. आपल्याकडे उतरणाऱ्यांचे पल्ले इतके लांब नसतात, पण पोचल्यावर त्यांनाही तातडीने भरपूर खायला लागतं.

पिल्लांचं प्रमाण मोजण्याचा अर्थ काय? सैबेरियात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी काही वर्षांच्या चक्राने खूप वाढतात आणि एकदम घटतात. ते मुबलक असतात तेव्हा कोल्हे त्यांच्यावर जगतात आणि पक्ष्यांची घरटी वाचतात. ते घटले की कोल्हे अंडी आणि पिल्लांकडे वळतात. त्या वर्षी थव्यात खवलेदार पाठीची पिल्लं अगदी कमी निघतात. म्हणजे ठाण्याच्या खाडीवर शंभर कर्ल्यू सँडपायपर तपासून त्यात पिल्लं किती हे लिहिलं, तर ती टुंड्रातल्या उन्हाळ्याची बातमी असते. एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. सलग काही वर्षं त्याच पंधरवड्यात मोजलं तर ठरतं.

बरीच पिल्लं पुढच्या उन्हाळ्यात परत जातही नाहीत, पहिला पावसाळा इथेच काढतात. जूनमध्ये खाडीवर राखाडी टिलवा दिसला म्हणजे तो आजारी किंवा वाट चुकलेला नसतो.

थोडं जवळ गेलो तर काय बिघडलं?

भरतीच्या वेळी विश्रांती घेणारा थवा उठवला की त्याला बसायला दुसरी जागा हवी असते, आणि पाण्याखाली गेलेल्या खाडीत ती सहसा नसते. तो हवेत फिरत राहतो आणि ओहोटीत कमावलेलं खर्च करतो. बहिरी ससाणा थवा उठवतो तेव्हा तो एक पक्षी घेऊन जातो. माणूस काहीच न घेता तेवढाच खर्च करायला लावतो, आणि दिवसातून पाच वेळा. ड्रोन तर थव्याला ससाण्यासारखाच वाटतो.

किती मीटरवर थांबायचं याचं एकच उत्तर नाही, पक्षीच सांगतात. झोपलेल्यांच्या चोची पाठीतून बाहेर आल्या, एका पायावरचे दोन पायांवर आले, माना उंचावल्या, कडेचे चालू लागले: इथे थांबा, दोन पावलं मागे या. पुढची पायरी उड्डाणाची. बांधाच्या माथ्यावर उभं राहिलात तर आभाळावर तुमची आकृती उठून दिसते. बांधाच्या उतारावर बसलात तर त्याच अंतरावर पक्षी शांत राहतात.

खारफुटी वाढतेय ना, मग चिंता कसली?

हा आक्षेप वारंवार येतो आणि तो चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. खारफुटी हवीच: मासे, खेकडे, किनाऱ्याचं रक्षण, बगळ्यांची घरटी, सगळं तिच्यावर. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी तिला आणि तिच्याभोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्याला संरक्षण मिळालं ते योग्यच. पण किनारपक्षी झाडाचे नाहीत, उघड्या चिखलाचे आहेत. त्यांना चारी बाजूंनी लांबवर दिसलं पाहिजे, कारण ससाणा किंवा भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी झाडाआडून येतात. खाडीत गाळ साचून चिखलाची पातळी वर आली की तिथे तिवरं रुजतात, आणि काही वर्षांत खाण्याची जागा जंगल होते. उघडा चिखल बघून "ओसाड आहे, इथे रोपं लावा" असं सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी ते पक्ष्यांचं ताट उचलत असतात.

दुसरी अडचण मिठागरांची. नकाशावर ती पडीक जमीन दिसते. पण भरतीची विश्रांतीची जागा गेली तर शेजारचा चिखल कितीही समृद्ध असला तरी पक्षी तो सोडतात, कारण ओहोटी आणि भरती दोन्हींची सोय एकमेकांच्या जवळ लागते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, स्थान मिळालं. ती सीमारेषा पाहताना भरतीला पक्षी तिच्या बाहेर कुठे जातात हेही विचारायला हवं.

पण दरवर्षी येतातच की!

येतात, पण कमी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या धोक्यातील प्रजातींच्या यादीत स्थलांतर करणाऱ्या सोळा किनारपक्ष्यांची नोंद अधिक धोक्याच्या गटात सरकली. त्यात करडा चिखल्या आणि कर्ल्यू सँडपायपर आहेत, म्हणजे आपल्या खाडीवर सहज दिसणारे. दुर्मीळ पक्ष्यामागे धावणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण हजाराचे सातशे झाले तरी डोळ्याला ते 'भरपूर'च दिसतात. फरक फक्त मोजणीत कळतो.

मोजायचं असं: थव्यात दहा पक्षी मोजा, ते डोळ्यासमोर किती जागा व्यापतात हे लक्षात घ्या, मग तेवढ्या जागेच्या घरांनी पूर्ण थवा मोजा. मोठ्या थव्यात दहाऐवजी पन्नासचं घर धरा. माणूस दाट थवा नेहमी कमी मोजतो, म्हणून दोनदा मोजा, दुसऱ्यांदा उलट्या बाजूने. "खूप" आणि "असंख्य" असे शब्द नोंदीत नकोत. तीनशे ते चारशे लिहिलं तरी चालेल. मोजणीची उत्तम वेळ म्हणजे विश्रांतीला बसलेला थवा, चढत्या पाण्यात सरकणारा नाही, कारण तो दोनदा मोजला जातो.

पायात रंगीत पट्टी किंवा छोटा ध्वज दिसला तर सगळं थांबवून तो टिपा: कोणता रंग, कोणत्या पायात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, अक्षरं असतील तर ती. डावा-उजवा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा-उजवा, तुमचा नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फोटो पुसट असला तरी ठेवा. ही नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवली की पक्षी कुठे आणि कधी पकडून सोडला होता ते शोधता येतं.

यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना बहुतेक जण तारीख आणि जागा लिहून मोकळे होतात. शेऱ्यात तीन गोष्टी जोडा: भरतीची वेळ आणि उंची, तुम्ही पाहत होतात तेव्हा पाणी चढतं होतं की उतरतं, आणि पक्षी खात होते की बसले होते. हे नसेल तर "शिवडी, सकाळी आठ, रेडशँक बारा" या नोंदीवरून पक्षी घटले की फक्त पाणी दूर होतं, हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही.